विरुद्ध मताच्या वाचकाच्या हातात काय पडतं?

प्रश्न कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा आहे. त्या अकरावी-बारावीच्या मुलांना एक चित्रपट परीक्षण आणि एखाद्या सार्वजनिक प्रश्नावरच्या मोहिमेचं पत्रक वाचायला देतात आणि विचारतात, हे लिखाण कितपत न्याय्य आहे आणि कितपत पटणारं आहे? उत्तरं ठरलेली येतात. चित्रपट आवडलेला मुलगा स्तुतीच्या परीक्षणाला न्याय्य म्हणतो, न आवडलेला त्याच परीक्षणाला पक्षपाती म्हणतो. मोहिमेचंही तेच होतं. बाईंना विचारायचं आहे की याला काही रीत आहे का, आणि गुण नेमके कशाचे द्यायचे.

बाई, रीत आहे. मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात आधी चित्रपटांच्या पानाचं आणि नंतर मतांच्या पानाचं संपादन केलं. एकीकडे परीक्षणं यायची, दुसरीकडे आंदोलकांचे, संस्थांचे, अधिकाऱ्यांचे लेख. लेख छापायचा की परत पाठवायचा हे ठरवताना दोन्हीकडे मी स्वतःला एकच प्रश्न विचारत असे: ज्याला हे मत मान्य नाही, त्या वाचकाच्या हातात या लेखातून काय पडतं? काहीच पडत नसेल तर लेख कितीही देखणा असो, तो न्याय्य नाही. पडत असेल तर तो एका बाजूचा असला तरी चालतो. पुढचं सगळं उत्तर या एका प्रश्नाभोवती आहे.

मुलांची गल्लत होते ती ‘मला पटलं’ आणि ‘हे न्याय्य आहे’ यांत. पटणं वाचणाऱ्याच्या मनात घडतं. ते भाषेनं घडतं, लयीनं घडतं, मत आधीपासून तेच असेल तर फारच लवकर घडतं. न्याय्य असणं मात्र लेख आणि त्याचा विषय यांच्यामधलं असतं. लेखकानं चित्रपट नीट पाहिला का, जे दिसलं ते सांगितलं का, आपल्या मताला अडचणीचं ठरणारं काही गाळलं का. पटलं का हे कळायला वाचकाला विचारलं की पुरतं. न्याय्य आहे का हे कळायला चित्रपटाकडे किंवा मूळ कागदाकडे जावं लागतं. म्हणून हे दोन प्रश्न एकाच तासाला विचारू नका. पहिल्या दिवशी फक्त पटलं का, कुठल्या वाक्यानं पटलं, एवढं लिहून घ्या आणि कागद गोळा करा. दुसऱ्या दिवशी चित्रपटातला तो प्रसंग पुन्हा दाखवा, किंवा पत्रकातला दावा मूळ कागदाशी ताडायला द्या.

आणखी एक समजूत आधीच दूर केलेली बरी. न्याय्य म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी जागा, असं मुलांना वाटतं. चार वाक्यं कौतुकाची, चार दोषांची, शेवटी तीन तारे, अशी परीक्षणं मला शेकड्यांनी आली. त्यांतली बरीचशी कुणाला दुखवायचं नाही म्हणून लिहिलेली असत. वाईट चित्रपटाला वाईट म्हणणं न्याय्य आहे. मोहिमेनं तर बाजू घ्यायचीच असते, नाहीतर ती मोहीम कसली?

परीक्षण तपासताना मी आधी त्यातला निकाल झाकायला सांगतो. तारे, ‘अप्रतिम’, ‘रटाळ’, ‘चुकवू नये असा’, हे सगळं पेन्सिलीनं खोडायचं आणि काय उरतं ते बघायचं. ‘कोर्ट’ घ्या. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाचा २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे लागला, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून जीव दिला. आता समजा एक परीक्षक लिहितो, ‘चित्रपट कमालीचा संथ आहे, प्रेक्षकाचा अंत पाहतो.’ दुसरा लिहितो, ‘कॅमेरा बहुतेक वेळ लांब, एका जागी उभा आहे. पात्रं बोलून निघून गेली तरी दृश्य लगेच तुटत नाही. न्यायालयात तारखेमागून तारीख पडते आणि ती वाट आपल्यालाही पाहावी लागते. मध्यंतरानंतर मला हे जड गेलं.’ दोघांनाही चित्रपट आवडलेला नाही. पहिल्याचा निकाल खोडला तर कागद कोरा राहतो. दुसऱ्याचा खोडला तरी तीन वाक्यं उरतात, आणि ती वाचून एखादा म्हणेल, मला नेमकं हेच बघायचं आहे, मी तिकीट काढतो. परीक्षकाच्या मताविरुद्ध निर्णय घ्यायला लागणारा ऐवज त्या परीक्षणानंच दिला.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे आपल्या मताला अडचणीचं ठरणारं सांगणं. ‘कोर्ट’नं सरकारी पक्षाला एकतर्फी वाईट रंगवलं, असं कुणी म्हणू शकतो. तो म्हणण्याचा अधिकार त्याला आहे. पण मग त्यानं हेही सांगायला हवं की चित्रपट त्या सरकारी वकील बाईंबरोबर न्यायालयाबाहेरही जातो. त्या लोकलनं प्रवास करतात, मुलाला घेऊन घरी येतात, स्वयंपाक करतात. त्या दृश्यांमुळे त्या वाईट वाटत नाहीत, ओळखीच्या वाटतात. ही दृश्यं गाळून केलेला आरोप पटू शकेल, विशेषतः चित्रपट न पाहिलेल्याला. म्हणूनच तो अन्याय्य आहे.

‘सैराट’ वर्गात घेण्यासारखा आहे, कारण जवळजवळ प्रत्येक मुलानं तो पाहिलेला असतो. एप्रिल २०१६ मध्ये तो लागला तेव्हापासून एक आक्षेप ऐकू येतो: पूर्वार्ध म्हणजे नेहमीची फिल्मी प्रेमकहाणी, गाणी, स्लो मोशन, विहीर आणि उसाचं रान. या आक्षेपाची तपासणी कशी करायची? पहिली गोष्ट, पूर्वार्धात फक्त प्रेमकहाणी आहे का? नाही. नायिका आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात शिक्षकावर हात उचलतो, आणि तो कुणाचा मुलगा आहे हे कळल्यावर मोठ्यांची वागणूक काय होते, ते पूर्वार्धातच आहे. ट्रॅक्टर आणि बुलेट मुलगी चालवते, लाजतो मुलगा, हेही तिथलंच. जो परीक्षक पूर्वार्धाला नुसती प्रेमकहाणी म्हणतो आणि वर्गातली थप्पड सांगत नाही, त्यानं पुरावा दडवला आहे. दुसरी गोष्ट, चित्रपटाला जे करायचं होतं त्याच्या मापानं तो मोजला आहे का? अजय-अतुल यांचं एवढं भव्य संगीत ज्या चित्रपटात आहे, त्याची शेवटची काही मिनिटं आवाजाशिवाय आहेत. आधीचा सगळा सोहळा त्या शांततेसाठी रचलेला आहे. ही रचना लक्षात न घेता गाण्यांच्या लांबीवर बोट ठेवणं सोपं आहे.

पण याच जागी मुलं उलट टोकाला जातात आणि ‘सैराट’वरची कुठलीच टीका त्यांना न्याय्य वाटत नाही. त्यांना असा आक्षेप द्या: ‘ज्या फिल्मी स्वप्नाला हा चित्रपट शेवटी सुरुंग लावतो, त्याच स्वप्नाच्या जोरावर त्यानं गर्दी खेचली. प्रेक्षकांतले पुष्कळ जण गाणी घेऊन घरी गेले आणि शेवट विसरले, याची काही जबाबदारी चित्रपटावरही येते.’ मला स्वतःला हा आक्षेप मान्य नाही. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी सामान्य प्रेक्षकाला त्याच्याच भाषेत गाठलं, आणि स्वतःच्याच आधीच्या ‘फँड्री’पेक्षा किती तरी जास्त लोकांपर्यंत जातीचा प्रश्न नेला, असं मी मानतो. तरीही हा आक्षेप न्याय्य आहे. तो पूर्वार्ध, शेवट आणि प्रेक्षक या तिन्ही गोष्टी टेबलावर ठेवतो, आणि मला त्याला उत्तर देता येतं. ज्या टीकेला उत्तर देता येतं तिच्याबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे.

मराठी परीक्षणांचा म्हणून एक खास रोग आहे, तो मला फार बोचतो. ‘मराठी सिनेमा जगला पाहिजे’ म्हणून दिलेला जादा तारा. मोठा हिंदी चित्रपट त्याच शुक्रवारी असेल तर मराठीला गैरसोयीच्या वेळचे खेळ मिळतात, निर्मात्यानं घर गहाण टाकलेलं असतं, दिग्दर्शक ओळखीचा असतो. ही सगळी खरी कारणं आहेत आणि त्यांच्याबद्दल वेगळा लेख लिहावा, मोर्चा काढावा, सरकारला धारेवर धरावं. परीक्षणात मात्र वाचकाला एकच गोष्ट विचारायची असते: चित्रपट कसा आहे? त्या जागी मोहीम घुसली की वाचक फसतो. कुटुंबाला घेऊन मल्टिप्लेक्सला गेलेला माणूस हजार-दीड हजार रुपये घालवून वैतागून बाहेर येतो आणि पुढचा चांगला मराठी चित्रपट आला तरी त्याच्या चार ताऱ्यांवर विश्वास ठेवत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी सवलत दिली त्याचंच नुकसान झालं. मुलांना हे दाखवायचं असेल तर परीक्षणातलं कुठलं वाक्य चित्रपटाबद्दल आहे आणि कुठलं मराठी चित्रपटसृष्टीबद्दल, हे वेगळं करायला सांगा. कधी कधी निम्मं परीक्षण दुसऱ्या प्रकारचं निघतं.

ताऱ्यांबद्दल आणि टक्क्यांबद्दल थोडंच सांगतो. रॉटन टोमॅटोजवरचा आकडा मुलं गुणपत्रिकेसारखा वाचतात. तो सरासरी गुणांचा आकडा नाही. किती टक्के परीक्षकांचं मत अनुकूल होतं, एवढंच तो सांगतो. सगळ्यांनी ‘बरा आहे’ म्हटलं तरी शंभर टक्के येतात, आणि निम्म्यांना तो थोर वाटला, निम्म्यांना असह्य वाटला तर पन्नास. दुसरा चित्रपट कदाचित जास्त पाहण्यासारखा असेल. हे एकदा फळ्यावर मांडून दाखवलं की पुरे.

पैशाचा प्रश्न मात्र मोठा आहे. समाजमाध्यमांवरच्या सशुल्क शिफारशींवर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे, असं जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये सांगितलं, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी मार्गदर्शिका काढली. तेव्हा रील किंवा व्हिडिओ तपासताना तशी खूण आहे का हे बघणं मुलांना जमलंच पाहिजे. खूण नसली तरी काही गोष्टी दिसतात: एकाच दिवशी दहा जणांनी वापरलेली तीच विशेषणं, कलाकारांबरोबरचे फोटो, कथेचा तपशील फक्त ट्रेलरमध्ये आहे तेवढाच. उलट बाजूनंही हे चालतं. केरळ उच्च न्यायालयात २०२३ मध्ये चित्रपट पाडण्यासाठी केल्या जाणाऱ्या परीक्षणांचा विषय गेला, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाला साह्य करणाऱ्या वकिलांनी प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षण टाकू नये अशी सूचना केली. निर्मात्यांचं दुःख मला कळतं. पण शुक्रवारी लिहिलेलं खोटं परीक्षण रविवारी खरं होत नाही, आणि प्रामाणिक प्रेक्षकाचं तोंड मात्र दोन दिवस बंद राहतं. त्यापेक्षा पैसे कुणी दिले हे उघड करायला लावावं.

आता परीक्षण आणि मोहीम जिथे एकमेकांत मिसळतात तिथे येऊ. नोव्हेंबर २०२२, पणजी, इफ्फी म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा समारोप. परीक्षक मंडळाचे प्रमुख, इस्रायली दिग्दर्शक नदाव लापिड, व्यासपीठावरून ‘द काश्मीर फाइल्स’ला प्रचारकी आणि असभ्य म्हणाले, आणि कलात्मक स्पर्धा विभागात तो असणं अनुचित असल्याचं त्यांनी सांगितलं. देशभर वाद पेटला. त्यांच्याच मंडळातल्या भारतीय सदस्यानं हे त्यांचं वैयक्तिक मत असल्याचं जाहीर केलं, उरलेल्या तिघांनी नंतर लापिड यांची बाजू घेतली. मुलांना या वादात कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते शिकवू नका, ते ती घरून ठरवून आलेली असतात. त्यांना दोन गोष्टी तपासायला द्या. एक, त्या व्यासपीठावरच्या वाक्यांमध्ये निकाल किती आणि पुरावा किती? निकाल पुरेपूर होता. कुठल्या दृश्यात, कुठल्या चित्रणात, कुठल्या पात्राच्या वाट्याला काय आलं म्हणून हा प्रचार ठरतो, ते तिथे नव्हतं. चित्रपट आवडलेल्या माणसाच्या हातात त्यातून फक्त अपमान पडला. दोन, उलट बाजूनं आलेलं उत्तर कशाला होतं? पुष्कळांनी ते असं दिलं की जणू चित्रपटावर टीका म्हणजे काश्मिरी पंडितांवर झालेल्या अत्याचारांचा इन्कार. पंडितांना खोऱ्यातून परागंदा व्हावं लागलं, त्यांच्यातल्या लोकांची हत्या झाली, हे खरंच आहे. चित्रपट कसा झाला आहे हा वेगळा प्रश्न आहे. विषयाचं दुःख खरं असलं म्हणून चित्रपट आपोआप चांगला होत नाही, आणि चित्रपट सदोष असला म्हणून दुःख खोटं ठरत नाही. हा भेद ‘फँड्री’लाही लागू आहे, ‘सैराट’लाही. आपल्या आवडत्या विषयावरच्या चित्रपटाला तो लावून बघणं जास्त अवघड जातं. मुलांना तेच करायला लावा.

मोहिमांसाठी मी नेहमी मुंबईतल्या आरेचं उदाहरण देतो, कारण त्यात दोन्ही बाजूंकडे चांगले युक्तिवादही होते आणि फसवे युक्तिवादही. थोडक्यात घटना अशा: कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही साडेतेहेतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो, तिची कारशेड, म्हणजे गाड्या उभ्या करायची आणि त्यांच्या देखभालीची जागा, आरे वसाहतीत. २०१४ च्या सुमारास झाडांवर खुणा झाल्या तेव्हापासून विरोध सुरू झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणानं २,६४६ झाडांबाबत परवानगी दिली, त्यातली २,१८५ तोडायची आणि ४६१ दुसरीकडे लावायची. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं ती थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती. पुढे २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, तिथल्या जमिनीच्या वादात उच्च न्यायालयाची स्थगिती आली, २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर ती पुन्हा आरेत आली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला.

मेट्रोच्या बाजूनं सर्वांत जास्त पटलेला युक्तिवाद कार्बनचा होता. ही झाडं जितका कार्बन शोषतील त्याहून किती तरी जास्त कार्बन मेट्रो चालली की वाचेल, कारण रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील. हिशेब ऐकायला चोख वाटतो. पण तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? मेट्रो हवी की झाडं, या प्रश्नाचं. आंदोलकांतल्या बहुतेकांची मागणी मेट्रो नको अशी नव्हती. कारशेड दुसरीकडे न्या, अशी होती. मग तुलना आरेतली कारशेड आणि दुसरीकडची कारशेड यांच्यात व्हायला हवी: किती वर्षं उशीर, किती जादा खर्च, किती झाडं वाचतील. उशिराचा आणि खर्चाचा मुद्दा मेट्रोकडे होताच, आणि तो वजनदार होता. लोकलच्या दारात लटकून जाणाऱ्या माणसासाठी एक वर्षाचा उशीरही लहान नसतो. तोच पुढे ठेवला असता तर ती बाजू न्याय्य राहिली असती. संपूर्ण मेट्रोचा फायदा एका कारशेडच्या खात्यात मांडल्यामुळे युक्तिवाद पटला खरा, पण विरुद्ध मताच्या माणसाला त्यातून त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही.

आंदोलनाच्या बाजूला ‘मुंबईची फुप्फुसं’ ही प्रतिमा होती. ती प्रचंड पटली. शाळकरी मुलांना, परदेशात गेलेल्या मुंबईकरांना, चित्रपटातल्या कलाकारांना ती एका क्षणात कळली. पण प्रतिमा प्रमाण सांगत नाही. आरे वसाहत सुमारे १,३०० हेक्टरची आणि कारशेडची जागा तीसेक हेक्टरची. फलकावर मात्र सगळं आरेच जातं आहे असं चित्र उभं राहत होतं, आणि शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दाट हिरव्या फोटोंनी त्याला भर घातली. अधिकारी लगेच म्हणाले, हे तर दोन-तीन टक्केच आहे. तेवढ्या एका वाक्यानं मोहिमेचा दम निघाल्यासारखा झाला, आणि ते टाळता आलं असतं. कारण मोहिमेकडे त्याहून भक्कम मुद्दे होते: ही जागा मिठी नदीच्या पाणलोटात येते आणि २००५ च्या पुरानंतर त्याचा अर्थ मुंबईला समजावून सांगायची गरज नाही. आरेत आदिवासींचे पाडे आहेत आणि तिथे माणसं पिढ्यान् पिढ्या शेती करत आली आहेत. कांजूरमार्गच्या पर्यायाची चर्चा २०१५ साली सरकारनंच नेमलेल्या समितीत झाली होती. हे मुद्दे विरोधकाला थांबून विचार करायला लावतात. फुप्फुसांची प्रतिमा फक्त आपल्या माणसांना जोरात ओरडायला लावते. दोन्हींची गरज असते, हे मला मान्य आहे. पण पत्रकात फक्त दुसरी असेल तर ते पत्रक आपल्याच घोळक्यात फिरत राहतं.

मी स्वतः तेव्हा झाडं राहावीत या मताचा होतो आणि रात्रीच्या अंधारात घाईघाईनं केलेली ती तोड आजही मला अन्यायाची वाटते. म्हणून तर मला त्या मोहिमेच्या पत्रकांतल्या ढिल्या जागा जास्त दिसतात. ज्या मोहिमेचं भलं व्हावं असं वाटतं तिचं पत्रक सर्वांत कडक डोळ्यांनी वाचावं. वर्गात ज्या मुलांना आरे वाचावं असं वाटतं त्यांनाच मेट्रोच्या बाजूचं सर्वांत प्रामाणिक पत्रक लिहायला लावा, आणि मेट्रोवाल्या मुलांना उलट. लिहून झालं की ते विरुद्ध गटाला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, तुमचं म्हणणं यात आलं का? ‘हो, आम्ही असंच म्हणतो’ असं उत्तर आलं तर पूर्ण गुण.

न्याय्यपणामुळे मोहीम पुढे जाऊ शकते याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण म्हणजे जादूटोणाविरोधी कायदा. नव्वदच्या दशकापासून डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी त्यासाठी झगडत होते. विरोध करणाऱ्यांचं, त्यांत वारकरी संप्रदायातल्या अनेकांचं, म्हणणं होतं की उद्या पूजा, वारी, कीर्तन यांवरच कारवाई होईल. ही भीती हास्यास्पद ठरवणं सोपं होतं. प्रत्यक्षात मसुदा पुनःपुन्हा बदलला गेला. आज कायद्याच्या अनुसूचीत नेमकी १२ कृत्यं दिली आहेत, आणि प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असं कायद्यातच लिहिलं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा संमत केला. हत्येनंतरच्या संतापामुळे सरकार हललं, हे खरं. पण संमत करण्याजोगा मसुदा तयार होता, आणि त्यात विरोधकाच्या भीतीला शब्दांत उत्तर दिलेलं होतं. काही कार्यकर्त्यांना या तडजोडी खटकल्या, मसुदा पातळ झाला असं त्यांना वाटलं. त्यांचं वाईट वाटणं मी समजू शकतो. तरी कुणावर गुन्हा दाखल करायचा आणि कुणावर नाही हे ठाण्यातल्या हवालदारालाही वाचून कळावं, हे मला तात्त्विक व्यापकतेपेक्षा मोलाचं वाटतं.

मोहिमेच्या पत्रकात म्हणून मी आणखी दोन गोष्टी शोधतो: मागणी कुणाकडे आहे आणि नेमकी काय आहे. ‘जागे व्हा’, ‘आवाज उठवा’ ही मागणी नव्हे. वृक्ष प्राधिकरणानं अमुक तारखेची परवानगी मागे घ्यावी, ही मागणी. अशी मागणी मान्य झाली की नाही हे कुणालाही तपासता येतं, आणि तिला विरोध करणाऱ्यालाही कशाला विरोध करायचा ते कळतं. ऑनलाइन याचिकांवरच्या लाखभर सह्या बघून मुलं भारावतात. त्यांना याचिकेचा मजकूर वाचायला सांगा, सह्यांचा आकडा झाकून.

आता गुणांचं. वीस गुण असतील तर पटण्याला पाचच ठेवा, आणि तेही ‘मला पटलं’ म्हणण्याला नकोत. कुठल्या वाक्यानं पटलं आणि त्या वाक्यानं काय केलं, भीती घातली, चित्र उभं केलं, आकडा दिला की अनुभव सांगितला, हे ओळखण्याला द्या. दहा गुण पुराव्याला: निकाल झाकल्यावर काय उरलं, लेखकानं गाळलेली निदान एक गोष्ट मुलानं स्वतः शोधली का, तुलना योग्य गोष्टींची झाली का. उरलेले पाच विरुद्ध मताच्या वाचकासाठी: हा लेख वाचून त्याला काय मिळेल, ते मुलानं त्या वाचकाच्या तोंडून चार ओळींत लिहायचं. शेवटी मुलाचं स्वतःचं मत काय झालं याला शून्य गुण, आणि हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. त्यानं मुलं मोकळी होतात. बाईंना काय आवडेल याचा अंदाज घेणं थांबतं.

सुरुवात मोहिमेनं करू नका. विशेषतः तुमचा वर्ग मुंबईचा असेल तर आरे पहिल्या महिन्यात नकोच, घरोघरची मतं आधीच पक्की असतात आणि तास भांडणात जातो. वर्गाला जो चित्रपट मनापासून आवडतो त्याचं चांगलं लिहिलेलं प्रतिकूल परीक्षण आधी द्या. मग त्याच चित्रपटाचं वाईट लिहिलेलं स्तुतीचं परीक्षण द्या, आणि कुठलं जास्त न्याय्य ते विचारा. दोन-तीन मुलं पहिल्याचं नाव घेतील, थोडी नाराजीनं. त्या मुलांना कारण विचारा आणि बाकीच्यांना ऐकू द्या. दुसऱ्या सत्रात मोहिमा घ्या, आधी दुसऱ्या जिल्ह्यातली, ज्यात त्यांचं काही गुंतलेलं नाही, आणि नंतर आपल्या गावातली: रस्तारुंदीकरण, कचरा डेपो, बंद पडणारी मराठी शाळा, जे चालू असेल ते. गावातल्या मोहिमेचं पत्रक तपासून झालं की मुलांच्या शंका ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यापर्यंत पोहोचवा. कार्यकर्ते बहुतेक वेळा उत्तर देतात, आणि पुढच्या पत्रकात एखादा आकडा दुरुस्त होऊन येतो.